दोन बेस, दोन टॉप आणि एक लॅपटॉप: बँडबरोबर मराठवाड्यात

पुण्यातल्या ज्या बँडचा साउंड मी सांभाळते, त्यात माणसं चार: ड्रमर, गिटारवाला, बेसवाली आणि लॅपटॉपवाला. (लॅपटॉपवाला गातोही, पण ओळख लॅपटॉपचीच.) पाठीशी कंपनी नाही, मॅनेजर नाही. गाणी पदरच्या पैशाने रेकॉर्ड करायची आणि स्वतःच नेटवर टाकायची, असा सगळा कारभार. सिंथ (यंत्राने काढलेले सूर), सँपल (दुसरीकडून उचललेले आवाजाचे तुकडे) आणि मशीनचे ठोके लॅपटॉपमधून येतात, त्यावर खरा ड्रमसेट, खरी गिटार, खरा बेस (खालच्या सुरांची गिटार). मुंबईत पेंटाग्रामसारखे बँड आधीच या वाटेने गेले, त्यामुळे प्रकार आपल्याकडे नवा नाही. पण असले कार्यक्रम मुंबई-पुणे-बंगळूर सोडून फारसे होत नाहीत.

संभाजीनगरच्या एका कॅफेने गच्चीवर वाजवायला बोलावलं. पाठोपाठ लातूरच्या एका कॉलेजचं गॅदरिंग ठरलं आणि त्याची तारीख नेमकी येळवशीच्या, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावस्येच्या, आदल्या दिवशीची निघाली. माझं आजोळ औसा तालुक्यातलं. मामाला फोन केला तर म्हणाला, "घेऊन ये की समद्यांला. आंबील काय कमी पडायलीय का?" मग टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली, मागच्या सीट काढून ड्रमसेट बसवला आणि निघालो.

शुक्रवार: संभाजीनगर

नगरमार्गे दुपारी पोचलो. गच्चीवर दोन बेस, दोन टॉप मांडून ठेवले होते. ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी: खालचा धडधडाट काढणारे मोठे खोके म्हणजे बेस, वरचा आवाज फेकणारे ते टॉप. एवढ्या गच्चीला ते जास्तच होते. शेजारच्या बिल्डिंगमधल्या आजी कठड्याला टेकून विचारत होत्या, "किती वाजेपर्यंत चालणार?" दहाच्या आत आवरतो म्हटलं. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे हे वचन पाळणं सोपं असतं.

आमच्या बँडच्या साउंडमध्ये खरी मारामारी असते ती खालच्या पट्टीत. लॅपटॉपमधला किक (मोठ्या ड्रमचा धप्प ठोका), ड्रमरच्या पायातला किक, सिंथचा बेस आणि बेसवालीचा बेस, असे चौघं एकाच खोलीत राहायला बघतात. मी एका गाण्यात एकालाच खाली ठेवते आणि बाकीच्यांचा तळ कापून टाकते. बेसवालीला हे पटायला वर्ष गेलं, लॅपटॉपवाल्याला अजून पटलेलं नाही.

ऐकायला आले ते बहुतेक इंजिनिअरिंगची पोरं. पण कोपऱ्यात पन्नाशी ओलांडलेले एक चाचा खुर्ची टाकून बसले होते. कार्यक्रम संपल्यावर ते थेट लॅपटॉपकडे आले आणि पडद्यावरचे रंगीत चौकोन निरखून म्हणाले, "सिक्वेन्सर है ना? हम बी चलाते थे, फ्लॉपी पे." नव्वदीच्या दशकात ते मराठवाडाभर फिरणाऱ्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. ठोके आणि साथ फ्लॉपीवर भरलेली, वर गिटार, ढोलक आणि गायक हजर. "फ्लॉपी अटकी तो ढोलकवाला संभालता था. तुम्हारा अटका तो?" लॅपटॉपवाल्याने ड्रमरकडे बोट दाखवलं. चाचांना ते उत्तर आवडलं असावं, कारण त्यांनी आम्हाला शहागंजला नेऊन नान-खलिया खाऊ घातला.

नान-खलियाचं मूळ तुघलकाच्या लष्करात असल्याचं इथे सांगतात. १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला आली, तिच्यामागे हे मोठ्या देगेतलं मटण आणि तंदुरातला पिवळसर नान आला. इतिहास काही असो, खलियावरची लाल तर्री आणि तो जाड, किंचित गोडसर नान एकत्र पोटात गेल्यावर बेसवाली म्हणाली की आता वाजवायला नको, झोपायला जागा द्या. चाचा बोलतच होते. मी त्यांना चरणजित सिंगांबद्दल विचारलं. हिंदी सिनेमात साथ करणाऱ्या या वादकाने १९८२ मध्ये रोलँडच्या ८०८ आणि ३०३ या ठोके आणि बेस काढणाऱ्या यंत्रांवर राग बसवून रेकॉर्ड काढली होती. परदेशातल्या लोकांना तिचा शोध लागायला वीसेक वर्षं लागली. चाचांनी ती ऐकली नव्हती. म्हणाले, "बंबई में कोई करता होगा। हम तो शादी में करते थे।"

शनिवार: वेरूळ आणि देवगिरी

सुट्टीचा दिवस. सकाळी लवकर वेरूळ गाठलं. इथे जाणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा: वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात (अजिंठा सोमवारी), आणि तिकीट ऑनलाइन काढलं तर रांग टळते.

कैलास लेण्याबद्दल मी नव्याने काय लिहू? आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलाय. गिटारवाला तासभर एकाच हत्तीसमोर बसून होता. मला मात्र ओढ होती दहाव्या लेण्याची. हा बौद्ध चैत्य, लोक त्याला सुतार की झोपडी म्हणतात. छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्यात. दगडाला वाशांची काही गरज नाही. आधीच्या काळी चैत्य लाकडाचे असत, त्यांची ही नक्कल. लॅपटॉपवाला वर बघून म्हणाला, "म्हणजे हे पण सँपलच." मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, पण खोटं नव्हतं ते.

आवाजाच्या माणसाने या लेण्यात एकदा तरी उभं राहावं. बेसवालीने अगदी हलका हुंकार दिला, तर तो कमानीतून फिरून परत आला आणि रेंगाळत राहिला. पहारेकरी ओरडेल असं वाटलं होतं, उलट त्यानेच जागा दाखवली, "मूर्तीसमोर या, इथं जास्त घुमतंय." मी एक टाळी वाजवून फोनवर रेकॉर्ड केली. अशा टाळीवरून एखाद्या जागेचा घुमारा कॉम्प्युटरवर बऱ्यापैकी बांधता येतो, आणि मग पुण्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीत गायलेला आवाजही त्या लेण्यात गेल्यासारखा वाटतो. मोठी साधनं किंवा ट्रायपॉड न्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा. फोनवर कुणी काही बोललं नाही.

परतताना देवगिरी. ऊन चढल्यावर हा किल्ला चढू नये, पण आम्ही चढलो. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, मोबाइलच्या उजेडात वटवाघळांचा वास आणि पायऱ्यांचे चुकवे अंदाज. ड्रमर वर गेलाच नाही, पायथ्याशी पेरू खात बसला. हुरडा अजून आला नव्हता म्हणून तो नाराज होता. पुढे जानेवारीत येणार असाल तर हुरड्यासाठी एक दिवस मोकळा ठेवा.

रविवार: लातूरचा रस्ता आणि गॅदरिंग

पहाटे निघालो. पाचोड, वडीगोद्री, शहागडला गोदावरी ओलांडली, मग गेवराई, बीड. गळिताचा हंगाम, त्यामुळे रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, पुढे रंगीत लाइटच्या माळा आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागे ठोकलेले स्पीकर. आपल्या गाडीच्या काचा बंद असल्या तरी गाणं आधी छातीत येतं, मग कानात. मांजरसुंब्याच्या घाटात अशाच एका ट्रॅक्टरमागे अडकलो होतो तेव्हा लॅपटॉपवाल्याने सीटवर बोटं ठोकत ठेका मोजला आणि म्हणाला, "एकशे अठ्ठावीस. हा आपल्यापेक्षा फास्ट आहे." पुढे तो ट्रॅक्टरवाला चहाला थांबला तिथे आम्हीही थांबलो. अ‍ॅम्प्लिफायर त्याने स्वतः जोडलेला, बॅटरी वेगळी. "टेप नसला की झोप येती," एवढंच त्याचं म्हणणं. या रस्त्याने रात्री जाणार असाल तर फार जपून: कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो, आणि टेपचा आवाज दर वेळी ऐकू येईलच असं नाही.

अंबाजोगाईत योगेश्वरीचं दर्शन आणि एका ठेल्यावर भजी-पाव. मुकुंदराजांची समाधी राहूनच गेली, कारण लातूरहून फोन यायला लागले होते.

लातूरचं स्टेज बघून माझं पोट ढवळलं. मिक्सर चालू केला की घोंऽऽ. पन्नास हर्ट्झचा जाडजूड गुंजारव, जणू स्टेजखाली म्हैस बांधलीय. लाइनमध्ये मीटर घातला तर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये अकरा व्होल्ट! दोन-तीनपर्यंत मी सोडून देते, अकराला माझा लॅपटॉपवर आणि गाणाऱ्याच्या ओठांवर विश्वास राहत नाही (माइकला ओठ लागला की झटका). साउंडवाला म्हणाला, "मॅडम, असंच असतंय इथं, डीजेला काय कळत नाही." तेवढ्यात मंडपाचा वायरमन आला. वय विशीच्या आत, पायात स्लीपर. त्याने मीटर बघितला, काही बोलला नाही. स्टेजमागच्या लिंबाखाली पहार मारून सळई ठोकली, कँटीनमधून मिठाचा पुडा आणला, दोन बादल्या पाणी ओतलं आणि तिथून वायर ओढली. मीटर दीडवर आला. घोंऽऽ गेला. मी त्याला पैसे द्यायला गेले तर म्हणाला, "राहू द्या ताई, पुढं बसून ऐकतो."

बाहेरगावी वाजवणाऱ्या बँडसाठी माझी यादी इथेच देते: स्वतःचा मल्टिमीटर, चार डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज मिक्सरला स्वच्छ पोचवणारे डबे) आणि लांब एक्स्टेन्शन बरोबर असू द्या. लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा, निम्मा घोंऽऽ तिथेच जातो. आणि बफर (लॅपटॉप आवाज बाहेर सोडण्याआधी साठवतो तो तुकडा) १२८ सँपलवर चालवत असाल तर धुळीच्या, तापलेल्या जागी तो २५६ करा. ४८ किलोहर्ट्झला उशीर पावणेतीन मिलिसेकंदांवरून सव्वापाचवर जातो, हाताला फारसा कळत नाही, पण कडकडाट थांबतो.

कार्यक्रमाची सुरुवात बरी नव्हती. पहिल्या दोन गाण्यांना पोरं नुसती बघत होती. मागून आरोळी आली, "डीजे लावा!" हशा झाला. तिसऱ्या गाण्याच्या मध्ये ड्रमरने स्नेअरच्या कडेवर हलगीचा ठेका धरला. हा आमच्या ठरवण्यात नव्हता. ड्रमरच्या कानात नेहमी क्लिक असतो, टक-टक-टक, लॅपटॉपशी जुळून राहण्यासाठी. पण पोरं उठली, शिट्ट्या सुरू झाल्या, आणि हलगी पोरांबरोबर पळायला लागली. क्लिक मागे राहिला. लॅपटॉपवाल्याचा चेहरा मला मिक्सरवरून दिसत होता. दोन आवर्तनं त्याने सहन केली, मग लूप (लॅपटॉपवर फिरत राहणारा ठेका) बंद केला आणि नुसत्या कीबोर्डच्या एका सुरावर बोट ठेवून उभा राहिला. ते गाणं मूळ चार मिनिटांचं, तिथे अकरा मिनिटं चाललं. वायरमन पहिल्या रांगेत खुर्चीवर उभा होता.

रात्री जेवताना भांडण झालं. लॅपटॉपवाला म्हणे, "मग मी कशाला येतो? बेंजो पार्टीच काढा." ड्रमर म्हणे, "काढू की."

सोमवार: येळवस

वेळ अमावस्येला लातूर शहर रिकामं होतं. दुकानं बंद, रस्ते मोकळे, जो तो कुणाच्या ना कुणाच्या शेतात. (डिझेल आणि पाण्याच्या बाटल्या आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.) मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूर, धाराशिव या बाजूचा मोठा सण, पुण्यात कुणाला सांगितलं तर पहिला प्रश्न येतो, "हे काय असतं?"

मामाच्या रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी होती. आत पाच पांडव म्हणून चुन्याने रंगवलेले दगड, पुढे नवं मडकं. "आलाव का? बसा. आधी आंबील घ्या, मग काय ते बोला." ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली, लसूण-मीठ लावलेली ती थंड आंबील गिटारवाल्याने पहिल्या घोटाला तोंड वाकडं करून आणि चौथ्या तांब्याला मागून घेऊन प्यायली. मग भज्जी: बेसन लावून शिजवलेल्या पालेभाज्या, त्यात हिरवे हरभरे, तुरीचे दाणे, वाल, बोरं. बाजरीचे उंडे, आंबट भात, गव्हाची खीर. कुणी नको म्हणायचं नाही. अनोळखी माणूसही बांधावरून चालला तरी त्याला हाक मारून बसवतात. मामा पूजेनंतर "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत पिकाभोवती आंबील शिंपडत गेला, त्याच्यामागे पोरं, पोरांमागे आमचा ड्रमर.

दुपारी मामी बेसवालीजवळ बसली होती. तिने विचारलं, "तू काय वाजवतीस?" बेसवालीने फोनवर ऐकवलं, फोनमध्ये बेस कुठला ऐकू येणार! म्हणून तोंडाने करून दाखवलं: धुम्म, धुम्म. मामी हसली आणि मग म्हणाली, "गावात डीजे आला की भांडी वाजतेत मांडणीवरची. मी उठून बसते बग अजून." मामीचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३, भूकंपाची पहाट, चार वाजायला आले होते. तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी होती. त्यापुढचं तिने काही सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. बेसवालीने फक्त एवढंच म्हटलं, "मामी, मी हळू वाजवते." "तू कशाला हळू वाजवतीस, तू वाजव की," मामी म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी एक उंडा टाकला.

संध्याकाळी मशालीसारखा पेटवलेला हेंडगा घेऊन मामाची पोरं रानाभोवती पळाली. धूर, थंडी, तुरीचा वास. रात्री मामाकडेच मुक्काम.

मंगळवार: तुळजापूर, नळदुर्ग आणि घर

औशावरून तुळजापूर. मंगळवार हा देवीचा वार, गर्दीची तयारी ठेवा. गाडी खालीच लावून चालत जाणं सोयीचं. दर्शनाला वेळ लागला, पण आम्ही मुख्यतः आलो होतो संबळासाठी. लॅपटॉपवाल्याला एका गाण्यात खरा संबळ हवा होता, आणि मामाच्या ओळखीच्या एका गोंधळी घराण्यात जायचं ठरलं होतं. बिदागी आधीच बोलून घेतली होती. कुणाकडे असं रेकॉर्ड करायला गेलात तर हे आधी बोला, आणि गाणं पुढे कुठे वापरणार तेही स्पष्ट सांगा.

घराच्या अंगणात काका संबळ बांधून उभे राहिले. जोडीतला धाकला टणटणीत आणि तीक्ष्ण, थोरला पोटातून घुमणारा. लॅपटॉपवाल्याने त्यांच्या कानात हेडफोन घातला आणि क्लिक सुरू केला. काकांनी थोडं वाजवलं, थांबले. "हे टकटक कामून करायलंय मधी मधी?" पुन्हा प्रयत्न केला. संबळ सुरू होतो तेव्हा सावकाश असतो आणि रंगत जाईल तसा चढतो. क्लिक बिचारा होता तिथेच. काकांनी हेडफोन काढून पोराच्या हातात दिला.

हा पोरगा म्हणजे त्यांचा पुतण्या. तो आतून ऑक्टापॅड घेऊन आला: रोलँडचा एसपीडी-२०, लग्नाच्या बेंजो पार्टीत वापरून कडा झिजलेला. एका पॅडवर काठी मारली, किक. दुसऱ्यावर टाळी. तिसऱ्यावर हलगी. "संबळ पण हाय की ह्यात, पण काका असल्यावर लावत नाही." काका सुरू झाले. पोरगा किक मारत गेला, एकेक, हाताने, काकांच्या हाताकडे बघत. काका चढले तसा तोही चढला. आमच्या ड्रमरने बादली उलटी घातली आणि बसला. लॅपटॉपवाला थोडा वेळ उभा होता, मग त्याने विचारलं, "लूप नाही लावत?"

"लूप कशाला, दादा? हातानं मारायचं की."

लॅपटॉपवाल्याने गाडीतून त्याचे पॅड आणले. दुपारचं जेवण चारला झालं.

नळदुर्ग गाठलं तेव्हा उन्हं उतरली होती. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधलाय, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमाराचं बांधकाम. हा राजा स्वतः गाण्यातला. दखनीत गाणी लिहिणारा, तंबोऱ्याला मोतीखान नाव देऊन त्याचा लाड करणारा. नर आणि मादी नावाचे दोन धबधबे पावसाळ्यात बांधावरून कोसळतात आणि मधल्या सज्जात बसून माणूस कोरडा राहतो. डिसेंबरात पाणी नावापुरतं, त्यामुळे धबधबा बघायचा असेल तर ऑगस्टनंतर, पाऊस चांगला झालाय याची खात्री करून या. आम्हाला मिळाली ती शांतता आणि उपळी बुरुजावरून दिसणारी ज्वारी. अंधार पडायच्या आत खाली उतरा, पायऱ्या उंच आहेत.

सोलापूरला शेंगाचटणी घेतली, मध्यरात्री पुण्यात.

परतल्यावर आठवड्याने तुळजापूरच्या पोराचा मेसेज आला: "दादा तुमचा तो किक पाठवा की." लॅपटॉपवाल्याने त्याचा सगळ्यात लाडका किक पाठवला, जो बनवायला त्याला दोन महिने लागले होते. पुढच्या रविवारी व्हिडिओ आला. वरात, घोडा, पुढे बेंजो, कडेला काका संबळ घेऊन, आणि खाली आमचा किक. पोराने तो दोन सूर खाली उतरवून थोडा फाडलाय. ड्रमरच्या मते तसाच चांगला वाटतो. लॅपटॉपवाल्याने व्हिडिओ बऱ्याच वेळा बघितलाय, पण अजून मान्य करत नाही.